फोनवरून ड्रोन उडवायचाय? आधी फोन तयार करा

ड्रोन हातात आला की सगळं लक्ष त्याच्याकडेच जातं. पंखे नीट बसलेत का, बॅटरी भरली का, मेमरी कार्ड घातलं का, हे आपण दोनदा तपासतो. फोन मात्र खिशातून काढून तसाच लावतो. माझ्या पाहण्यातले पहिल्या दिवसांतले बहुतेक गोंधळ तिथेच सुरू झालेले आहेत: मध्येच आलेला कॉल, तापून अंधारलेली स्क्रीन, ढिली केबल. म्हणून या लेखात ड्रोनइतकंच फोन आणि टॅबबद्दल लिहितो आहे.

आधी हे ओळखा: फोन रिमोट आहे की नुसता पडदा?

फोनवर चालणारे ड्रोन दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात फोन हाच रिमोट. ८० ग्रॅमचा छोटा टेलो याचं चांगलं उदाहरण. तो स्वतःचं वाय-फाय सुरू करतो, आपला फोन त्याला जोडला जातो आणि स्क्रीनवरच्या दोन गोलांवर अंगठे फिरवून तो उडवायचा. त्यात जीपीएस नाही; पोटाखालच्या सेन्सरने जमीन पाहून तो जागेवर थांबतो. बॅटरी भरलेली असली तरी उड्डाण जेमतेम १३ मिनिटांचं.

दुसऱ्या प्रकारात वेगळा रिमोट असतो, त्याला खऱ्या दांड्या असतात आणि फोन केबलने जोडून फक्त चित्र, नकाशा आणि सेटिंग पाहण्यासाठी वापरतात. डीजेआय या कंपनीचा मिनी २ असा आहे. इथे तुमची आज्ञा दांडीवरून रिमोटमध्ये आणि रिमोटमधून थेट ड्रोनकडे जाते. फोन त्या वाटेत नसतो. म्हणजे फोन बंद पडला तरी ड्रोन तुमच्या ताब्यात असतो. पहिल्या प्रकारात फोन गेला की ताबाही गेला. अडचणीच्या वेळी काय करायचं ते या एका फरकावर ठरतं, म्हणून हे आधी पक्कं करून ठेवा.

आदल्या रात्रीची तयारी

ॲप घरीच उतरवा. मिनी आणि एअर मालिकेतल्या ड्रोनना डीजेआय फ्लाय लागतं. फँटम ४, मॅव्हिक प्रो अशा जुन्या ड्रोनना डीजेआय गो ४. अँड्रॉइडवाल्यांना डीजेआय फ्लाय प्ले स्टोअरवर मिळत नाही, ते कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यायचं. त्यासाठी ‘अनोळखी ॲप’ची परवानगी काही वेळापुरती द्यावी लागते, काम झालं की ती परत बंद करा. भलत्याच साइटवरून असं ॲप कधीही घेऊ नका.

मग घरच्या वाय-फायवर ड्रोन, रिमोट आणि फोन तिन्ही सुरू करून जोडून पाहा. पंखे काढून ठेवलेले बरे. लॉगिन, पहिली नोंदणी, सॉफ्टवेअरचा अपडेट या सगळ्याला इंटरनेट लागतं, आणि डोंगरावर पोचल्यावर नेमकी रेंज नसते. जिथे उडवायचं त्या भागाचा नकाशा ॲपमध्ये एकदा उघडून ठेवा, म्हणजे तो फोनमध्ये साठतो. ॲप ज्या परवानग्या मागतं त्यातली लोकेशनची द्यावीच लागते. आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी चुकून नाकारली गेली, तर वाय-फायवाला ड्रोन जोडलाच जात नाही आणि दोष ड्रोनचा वाटतो.

फोनमध्ये काही जीबी जागा मोकळी ठेवा. चांगल्या दर्जाचं चित्रीकरण ड्रोनमधल्या कार्डावर होतं, पण ॲप त्याची हलकी प्रत फोनवरही साठवत राहतं. ती नको असेल तर कॅशेचं सेटिंग बंद करा. फोनची बॅटरी निघताना ८० टक्क्यांच्या वर हवी. पूर्ण उजेडावर ठेवलेली स्क्रीन ती भराभर संपवते.

फोन बसवताना

जाड कव्हर काढा. त्यामुळे केबल पूर्ण आत बसत नाही आणि हात हलला की जोडणी तुटते. रिमोटच्या क्लॅम्पमध्ये, म्हणजे फोन धरणाऱ्या चिमट्यात, फोन बसवताना कडेची बटणं दाबली जात नाहीत ना, ते पाहा. पॉवरचं बटण दाबलेलं राहिलं तर स्क्रीन मध्येच बंद होते. केबल रिमोटसोबत आलेली वापरा. बाजारात नुसत्या चार्जिंगच्या केबली भरपूर मिळतात, त्यातून चित्र येत नाही. मिनी २ च्या रिमोटला खाली एक पोर्ट आहे, तो चार्जिंगचा. फोनची केबल वरच्या बाजूला लावायची. नव्या माणसाचा अर्धा तास इथे सहज जातो.

आता फोनला शांत करा. वेगळा रिमोट असेल तर विमान मोड लावला तरी चालतं. टेलोसारख्या ड्रोनसाठी विमान मोड लावून मग फक्त वाय-फाय चालू करा, आणि हे टाळू नका. कारण ड्रोनच्या वाय-फायवर इंटरनेट नसतं. ‘इथे नेट नाही’ असं समजून बरेच अँड्रॉइड फोन आपणहून मोबाइल डेटावर उडी मारतात आणि ड्रोनशी संपर्क तुटतो. कॉल उचलला गेला आणि ॲप मागे पडलं, तरी आज्ञा पोचणं थांबतं. संपर्कासाठी दुसरा फोन सोबतच्या माणसाकडे द्या. सोबत कोणीतरी असावंच. एकाने आकाश पाहायचं, एकाने उडवायचं.

उन्हाचा त्रास सगळ्यात मोठा. स्क्रीनचा उजेड पूर्ण करा आणि ऑटो ब्राइटनेस बंद करा. सूर्याकडे पाठ करून उभं राहा. पोलराइज्ड गॉगल घातला असेल तर काढा, कारण फोन आडवा धरल्यावर काही स्क्रीन त्यातून काळ्या दिसतात. फोन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून आणू नका. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतचं तापमान सांगितलं आहे. विदर्भात एप्रिलमध्ये सावलीतही त्याच्या वर पारा असतो. तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी आधी स्क्रीन मंद करतो, मग ॲप अडखळतं. उन्हाळ्यात सकाळी साडेनऊच्या आत उरकणं उत्तम. तेव्हा वारापण कमी असतो.

टॅब घ्यावा का?

चाळिशी लागलेल्या डोळ्यांना टॅबवर फार बरं वाटतं. शेताची पाहणी करताना किंवा दोघांनी मिळून चित्र पाहताना मोठी स्क्रीन खरंच उपयोगी पडते. पण मिनी २ च्या रिमोटच्या क्लॅम्पमध्ये साधारण १८ सेंटिमीटर लांब आणि साडेआठ सेंटिमीटर रुंद एवढाच फोन मावतो. टॅबसाठी वेगळा होल्डर लागतो, आणि वजन पेलायला गळ्यातला पट्टाही घ्यावा. या रिमोटचे अँटेना फोन धरणाऱ्या वर येणाऱ्या भागातच आहेत. त्याची सपाट बाजू ड्रोनकडे राहायला हवी आणि टॅब त्याच्यासमोर आडवा येता कामा नये.

आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधीच पाहा. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो; सिमवाल्यात असतो. ड्रोनला स्वतःचा जीपीएस असल्याने तो घरी परतायला चुकत नाही, पण नकाशावर तुम्ही कुठे उभे आहात हे मात्र नीट दिसत नाही. शिकणाऱ्याने सुरुवात फोनवरच करावी, असं माझं मत आहे. टॅबची मोठी स्क्रीन नजर आकाशातून खाली ओढते.

जागा आणि कायदा

ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोलाही हौसेसाठी लागत नाही, पण लग्नाचं शूटिंग वगैरे पैसे घेऊन करायचं असेल तर लागतं. मायक्रोची नोंदणी करून त्याचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. मिनी २ चं वजन २४९ ग्रॅम आहे. त्याला पंख्यांचे गार्ड किंवा दिवा लावला की तो नॅनो राहत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा पाहा. हिरव्या भागात १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर आहे. त्याहून जवळ परवानगीशिवाय नाहीच. नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, म्हणून नकाशा हिरवा असला तरी जवळच्या ठाण्यात विचारावं. पुरातत्त्व विभागाच्या ताब्यातले रायगडासारखे किल्ले आणि अभयारण्यं इथे त्या त्या विभागाची परवानगी हवी.

परदेशातल्या नातेवाइकांना ‘येताना एक ड्रोन घेऊन या’ असं सांगणार असाल तर थांबा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारतात तयार परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे. बॅगेतला ड्रोन विमानतळावर अडकू शकतो.

पहिल्या दिवसांसाठी मोकळं मैदान किंवा पीक काढलेलं शेत निवडा. इमारतीची गच्ची नको. स्लॅबमधल्या लोखंडामुळे ड्रोनचं होकायंत्र चुकतं. होकायंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते नव्याने जुळवून घेणंही, गच्चीवर किंवा उभ्या गाड्यांजवळ करू नये. संक्रांतीच्या आसपास मांजा असतो, ते दिवस सोडून द्या.

उड्डाण

आधी रिमोट, मग ड्रोन सुरू करा आणि ॲप उघडा. जीपीएस असलेल्या ड्रोनला उपग्रह सापडायला वेळ द्या. ॲपवर संख्या दहाच्या वर गेली आणि होम पॉइंट नोंदला गेल्याचा संदेश आला, की मगच उडवायचं. घाईत त्याआधी उडवलेला ड्रोन परत कुठे यायचं हेच जाणत नाही.

त्यानंतर ‘रिटर्न टू होम’ची, म्हणजे ड्रोन आपणहून घरी परततो तेव्हाची, उंची ठरवा. आजूबाजूला जे सगळ्यात उंच असेल त्याच्यापेक्षा १५-२० मीटर जास्त. कोकणात माड २०-२५ मीटरचा सहज असतो, म्हणजे तिथे ४५ मीटर धरा. मिनी २ ला समोरचा अडथळा दिसत नाही. तो ठरलेल्या उंचीवरून सरळ रेषेत परत येतो, वाटेत फांदी असली तरी.

ॲपमधल्या टेकऑफच्या बटणाने मिनी २ साधारण १.२ मीटर वर जाऊन थांबतो. त्याला अर्धा मिनिट तिथेच राहू द्या. एका बाजूला सरकत असेल तर उतरवा. स्थिर असेल तर डोळ्यांच्या उंचीवर घ्या आणि दांड्या एकेक करून हलवा. डावी दांडी वर-खाली आणि जागच्या जागी वळण्यासाठी, उजवी पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे. वेग सिने मोडवर ठेवा. त्यात सगळं सावकाश होतं. ड्रोनचं तोंड तुमच्यापासून दूर ठेवून चौकोन काढा. तो हातात बसला की तोंड आडवं करून, आणि शेवटी तोंड तुमच्याकडे करून. या शेवटच्या अवस्थेत डावं-उजवं उलटं होतं आणि बहुतेक आपटाआपटी इथेच होते. याचा सराव मनापासून करा, बाकीचं सोपं आहे.

फोनच्याच स्क्रीनवर अंगठे ठेवून उडवताना एक अडचण असते: बोटाला दांडी जाणवत नाही, अंगठा नकळत घसरतो. गोंधळलात तर दोन्ही अंगठे उचला, ड्रोन थांबतो. असा ड्रोन २०-३० मीटरच्या पलीकडे नेऊ नका आणि वाऱ्यात काढूच नका.

नजर ड्रोनवर, स्क्रीनवर फक्त डोकावायचं. मिनी २ चं चित्र फोनवर यायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारा ड्रोन तेवढ्यात २ मीटर पुढे गेलेला असतो. स्क्रीनवर फांदी अजून लांब दिसते तेव्हा पंखे तिच्याजवळ पोचलेले असतात.

स्क्रीनवरची उंची तुम्ही जिथून उडवलं तिथून मोजलेली असते, हेही ध्यानात ठेवा. कड्यावरून दरीकडे नेलात तर आकडा तोच राहतो, पण खालची जमीन शंभर-दोनशे मीटर खाली गेलेली असते. कड्याच्या धारेवर वाराही उसळून वर येतो. सह्याद्रीत हे फार जाणवतं. जाताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे बॅटरी कमी असताना परतीला वारा साथ देतो. घार घिरट्या घालायला लागली तर ड्रोन सरळ वर न्या, ती लांब गेली की उतरवा. पक्षी तितक्या झटकन उभा चढू शकत नाही.

स्क्रीन गोठली तर

रिमोटवाला ड्रोन असेल तर आधी दोन्ही दांड्या सोडा. जीपीएस असल्याने तो जागेवर उभा राहील. डोळ्यांना दिसत असेल तर तसाच परत आणा. दिसत नसेल तर रिमोटवरचं ‘घरी परत’चं बटण दाबून धरा, त्याला फोन लागत नाही. ड्रोन येत असताना केबल काढून परत लावा किंवा ॲप बंद करून उघडा. घाबरून रिमोट बंद करू नका.

फोनच रिमोट असेल तर वाय-फाय अजून ड्रोनचंच आहे का ते पाहा, ॲप पुन्हा उघडा आणि ड्रोनच्या जवळ चालत जा.

उतरवल्यावर

बॅटरी ३० टक्क्यांवर आली की परत फिरा. ड्रोन कुठे पडलाच तर ॲपमधलं ‘फाइंड माय ड्रोन’ उघडा, शेवटची जागा नकाशावर मिळते. म्हणून सापडेपर्यंत ॲप काढून टाकू नका आणि फोनची बॅटरी जपा. सगळं नीट पार पडलं असेल तर कार्डावरचं चित्रीकरण घरी संगणकावर उतरवा, फोनमधला कॅशे रिकामा करा, आणि ड्रोनची गरम बॅटरी पूर्ण थंड झाल्यावरच चार्जिंगला लावा.