बिलावर उद्यम क्रमांक छापा

लोअर परळच्या एका एजन्सीला दिवाळीची चित्रं दिली. होळी आली तरी पेमेंट 'प्रोसेसमध्ये'च. मुंबईत फ्रीलान्स चित्रं काढणाऱ्यांची ही रडकथा जुनीच आहे. नवं काम घेण्याआधी सरकारच्या उद्यम पोर्टलवर, म्हणजे लहान उद्योगांच्या नोंदणीच्या साइटवर, नोंदणी करून ठेवा. आधार आणि पॅन लागतं, फी शून्य. (फी मागणारी साइट दिसली की समजा, ती सरकारी नाही.) एकट्याने केलेलं कामही सूक्ष्म उद्योगात बसतं.

मग नोंदणीचा जो उद्यम क्रमांक मिळतो, तो प्रत्येक बिलावर छापा. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्यानुसार लेखी करारातली पेमेंटची मुदतही काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे ताणता येत नाही. करारच नसेल तर 15 दिवस. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. व्याज मागायला जीभ रेटत नाही, माझीही नाही. पण बिलाखाली व्याजाची ही एक ओळ असली की अकाउंट्सवाले फोन तरी उचलतात.

आणि अंतिम फाइल ईमेलनेच पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'मस्त!'वर विसंबू नका. काम दिल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते स्वीकारलं असंच कायदा धरतो, आणि तारीख दाखवायला तो ईमेल हाताशी लागतो.