दरवेळी मेक क्लीन कशाला मारायचं?

सी किंवा सी प्लस प्लसच्या प्रोजेक्टवर बऱ्याच जणांना सवयच लागलेली असते, काही विचित्र झालं की मार मेक क्लीन (आधी बनलेल्या सगळ्या फाईली पुसणारी कमांड), मग सगळं पहिल्यापासून कंपाईल होईपर्यंत मोबाईल बघत बसा. मेकफाईल, म्हणजे मेक या बिल्ड टूलचे नियम असलेली फाईल, धड लिहिलेली असेल तर याची गरज क्वचितच पडते.

मेक १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं आणि ते अजूनही मुळात एकच गोष्ट बघतं, ऑब्जेक्ट फाईलपेक्षा (सोर्स कंपाईल होऊन बनलेली फाईल) सोर्स फाईल नवी आहे का. नवी असेल तर कंपाईल, नाहीतर पुढे. आता नियमात तुम्ही फक्त डॉट सी फाईल लिहिली आणि बदल केला हेडरमधल्या (अनेक सोर्स फाईली वापरतात ती सामायिक फाईल) स्ट्रक्टमध्ये, म्हणजे डेटाच्या रचनेत, तर मेकला त्याचा पत्ताच नाही! काही ऑब्जेक्ट फाईली जुन्या स्ट्रक्टच्या, काही नव्या, ऑब्जेक्ट फाईली जोडणारा लिंकर बिचारा गुपचूप सगळं जोडून देतो आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी क्रॅश होतो.

उपाय सोपा आहे. कंपाईलच्या फ्लॅग्जमध्ये (कंपायलरला दिलेल्या सूचनांमध्ये) मायनस एमएमडी आणि मायनस एमपी टाका, जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरना चालतात. पहिल्यामुळे प्रत्येक ऑब्जेक्टसोबत एक डॉट डी फाईल तयार होते, त्यात कुठले हेडर लागले त्याची यादी असते (सिस्टीमचे हेडर सोडून), आणि दुसऱ्यामुळे उद्या एखादा हेडर उडवला तरी मेक रडत नाही. मग मेकफाईलच्या शेवटी या डॉट डी फाईली इन्क्लूड करा, पण इन्क्लूडच्या आधी मायनसचं चिन्ह हवंच, कारण पहिल्या बिल्डला त्या फाईली नसतातच. आणि शेवटीच करा, वर टाकलं तर त्यातलं पहिलं टार्गेट (मेकने बनवायची फाईल) डीफॉल्ट होऊन बसतं.

फ्लॅग बदलले तर मात्र मेकला आपोआप कळत नाही. म्हणून ऑब्जेक्टच्या नियमात मेकफाईललाही डिपेंडन्सी करा, म्हणजे ती बदलली की ऑब्जेक्ट पुन्हा बनतील, आणि डीबग आणि रिलीजचे फोल्डर वेगळे ठेवा, हे तर मी कुठल्याही प्रोजेक्टला सांगेन.

मेकने ‘मिसिंग सेपरेटर’ असा एरर दिला तर बहुतेक वेळा कमांडच्या आधी टॅबऐवजी स्पेस पडलेत.

एकदा पूर्ण बिल्ड झालं की एखादा हेडर टच करून (म्हणजे त्याची वेळ नवी करून) मेकला मायनस एन देऊन चालवा, काहीही कंपाईल न करता ते नुसत्या कमांड दाखवतं, तो हेडर वापरणाऱ्या सगळ्या फाईली त्यात दिसल्या पाहिजेत.