पावसाळ्यात पेलेट स्मोकर पेटत नाही?

मालवण-वेंगुर्ल्याकडे पावसाळ्यात कुरकुरीत पापड तासाभरात मऊ पडतो, तिथे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्यांचं, म्हणजे पेलेटचं काय! हे पेलेट जाळून त्यांच्या धुरावर अन्न शिजवणारा स्मोकर पेटेना झाला की आधी एक पेलेट मोडून बघा. कट्‌कन तुटला तर कोरडा. बोटांत चुरा झाला तर पेलेटची अख्खी टाकी रिकामी करा, कारण ओलसर पेलेट फुगतात आणि त्यांचा भुसा पुढे ढकलणाऱ्या स्क्रूत घट्ट बसतो.

मग प्लग काढून, सगळं गार झाल्यावर, जाळाच्या वाटीतली राख काढा. पेलेट पेटवणारी विजेवर तापणारी रॉड राखेत पुरलेली असेल तर पेलेटला धग लागणार कुठून? पेटवायचे दोन-तीन प्रयत्न फसले असतील तर वाटीत पेलेटचा ढीग साचलेला असतो. तो उपसल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका, एकदम भडका उडतो. पेटवताना झाकण उघडंच ठेवा.

एवढं करूनही रॉड लाल होत नसेल तर लगेच नवी मागवू नका, व्होल्टेज मोजा. आमच्याकडे संध्याकाळी हाच घोळ. २३० च्या जागी १८० मिळालं तर रॉडची उष्णता साधारण ४० टक्क्यांनी घटते. व्होल्टेज ठीक असेल तरच रॉड बदला.

उरलेले पेलेट गोणीत नकोत. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.