युद्धोत्तर अर्थकारण शिकायचंय? आधी एक खातं धरा

अर्थशास्त्रात एम.ए. करणारी मुलं विषय ठरवायला येतात तेव्हा बऱ्याच जणांना 'जागतिक व्यापारातला न्याय' यावर काहीतरी करायचं असतं. विषय चांगलाच आहे. पण तिथून सुरुवात केली की पहिलं सत्र व्याख्या गोळा करण्यातच जातं. मी सांगते, व्याख्या राहू देत. एक खातं धरा, त्यात पैसे कुठून आले, कोणी अडवले आणि कधी सुटले ते शेवटपर्यंत बघा. माझं या क्षेत्रातलं शिक्षण अशाच एका खात्यावर झालं: दुसऱ्या महायुद्धात भारताचे लंडनमध्ये साचलेले पौंड, म्हणजे स्टर्लिंग शिल्लक.

ती साचली कशी, ते आधी नीट समजून घ्या. युद्धकाळात ब्रिटन हिंदुस्थानात सैन्यासाठी कापड, धान्य, लाकूड, दारूगोळा असं सगळं खरेदी करत होता. १९३९मध्ये ठरलेल्या वाटणीनुसार या खर्चाचा मोठा भाग ब्रिटनने सोसायचा होता. पण पैसे जमा व्हायचे लंडनमध्ये, पौंडांत. त्या पौंडांच्या रोख्यांवर रिझर्व्ह बँक इकडे रुपयांच्या नोटा काढायची. बँकेच्या नोट विभागाचं साप्ताहिक विवरण उघडा. एका बाजूला चलनातल्या नोटा, दुसऱ्या बाजूला सोनं, स्टर्लिंग रोखे, रुपयाची नाणी आणि रुपयाचे रोखे. १९३९चं आणि १९४५चं विवरण शेजारी ठेवलं की सोन्याचा रकाना जवळजवळ तसाच दिसतो आणि स्टर्लिंगचा रकाना नुसता फुगत गेलेला दिसतो. नोटा सहापटीच्या आसपास गेल्या, माल मात्र रणांगणाकडे निघालेला. महागाई कुठून आली हे सांगायला वेगळा सिद्धांत लागत नाही. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाला इतरही कारणं होती, पण हा फुगवटा त्यातून वगळता येत नाही.

युद्ध संपलं तेव्हा शिल्लक सुमारे १३० कोटी पौंड होती. गरीब देश धनको आणि साम्राज्य ऋणको, असा हा उलटा मामला.

जुलै १९४४मध्ये युद्धानंतरची चलनव्यवस्था ठरवायला अमेरिकेत ब्रेटन वुड्सला ४४ देश जमले. भारताच्या शिष्टमंडळात रोह्याचे चिंतामणराव देशमुख होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. उद्योजक ए. डी. श्रॉफही होते. या शिल्लकीचा काही भाग तरी नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीमार्फत वापरता यावा, ही भारताची मागणी. श्रॉफ तिथे म्हणाले की आमची गत बँकेत दहा लाख डॉलर असलेल्या, पण टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात सुटे नसलेल्या माणसासारखी आहे. ब्रिटनच्या शिष्टमंडळाचा प्रमुख, अर्थशास्त्रज्ञ केन्स याने भारताच्या औदार्याची तारीफ केली, सन्मानाने फेडू असं सांगितलं आणि हा प्रश्न संबंधितांनी आपापसात सोडवावा म्हणून तो निधीच्या कक्षेबाहेर ठेवला. या चर्चेची इतिवृत्तं छापील मिळतात. ती वाचताना भाषणात अडकू नका, अंतिम कलमांत काय उतरलं ते बघा. भारताची मागणी कलमांत उतरली नाही.

पुढचा भाग मला सगळ्यात शिकवून गेला. डिसेंबर १९४५मध्ये अमेरिकेने ब्रिटनला ३७५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, तेव्हा करारात स्टर्लिंग शिल्लकींचे तीन भाग कल्पिले होते: लगेच मोकळा करायचा, हप्त्याने द्यायचा, आणि 'समायोजित' करायचा. तिसऱ्याचा अर्थ सरळ आहे, सोडून द्यायचा. भारताने ते मान्य केलं नाही. ऑगस्ट १९४७च्या भारत-ब्रिटन करारात उरलेले ११६ कोटी पौंड दोन खात्यांत विभागले गेले. एक खातं वापरायचं, दुसरं गोठलेलं, आणि सुरुवातीला मोकळे झाले फक्त साडेतीन कोटी. १९४८मध्ये याच शिल्लकीतून निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनसाठी सुमारे १६ कोटी ८० लाख पौंड वळते झाले आणि ब्रिटिश फौजांनी मागे ठेवलेल्या लष्करी सामानासाठी १० कोटी. सप्टेंबर १९४९मध्ये पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० वर आली. रुपयाही तितकाच खाली आल्याने रुपयांत काहीच बदललेलं दिसत नाही. अमेरिकेतून यंत्रं किंवा गहू घ्यायचा तर मात्र तेच खातं तीस टक्क्यांनी आटलेलं. म्हणून तक्ता करताना तीन रकाने ठेवा: पौंड, रुपया, डॉलर. एकाच चलनात बघणाऱ्याला ही गोष्ट सापडतच नाही.

याच्या शेजारी १९५३चा लंडन कर्जकरार ठेवून बघा. पश्चिम जर्मनीचं कर्ज जवळपास निम्म्यावर आणलं आणि परतफेड त्या देशाच्या निर्यातक्षमतेकडे बघून बेतली. शहाणपणाचाच निर्णय होता. तो कोणाच्या वाट्याला आला आणि कोणाच्या नाही, हा तुमचा प्रबंध.

मार्शल योजनेवर, म्हणजे युरोपच्या उभारणीसाठीच्या अमेरिकी मदतीवर, साहित्य ढिगाने आहे, ते सावकाश वाचा. आंतरराष्ट्रीय व्यापार संघटना स्थापायच्या हवानाच्या सनदेत मात्र डोकावाच. १९४८मध्ये ५३ देशांनी सही केलेली व्यापार संघटना अमेरिकेच्या संसदेत अडली आणि तात्पुरता म्हणून केलेला, भारतासह २३ देशांचा गॅट हा जकाती कमी करायचा करारच पुढे जवळपास अर्धशतक चालला.

नोकरीत हे कुठे उपयोगी पडतं, असं विचारतात. जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेत सरकारी धान्यसाठ्यावरून चाललेला वाद घ्या. आपल्या हमीभावातलं अनुदान मोजताना तुलनेला १९८६-८८ची स्थिर किंमत धरतात. इतक्या वर्षांची महागाई बाजूला राहते आणि अनुदान आहे त्याहून अवाढव्य दिसतं. आधारवर्ष बघायची सवय लागलेल्या मुलाला हे पहिल्याच वाचनात खटकतं. भारतीय आर्थिक सेवा, रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग, दिल्लीतली व्यापार-अभ्यास केंद्रं, सगळीकडे अशी नजर लागते. नुसती गणितं येऊन भागत नाही, कराराची किचकट इंग्रजी कलमंही कंटाळा न करता वाचता आली पाहिजेत.

पुण्या-मुंबईच्या मुलांची एक सोय आहे आणि ती फारशी कोणी वापरत नाही. रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार पुण्यातच आहे, विद्यापीठ रस्त्यावर कृषी बँकिंग महाविद्यालयाच्या आवारात. तिथे जाण्याआधी बँकेच्या संकेतस्थळावरून १९३५ ते १९५१चा इतिहासखंड उतरवून घ्या आणि स्टर्लिंगवरची प्रकरणं वाचा. मग रीतसर अर्ज करा. अर्जात 'न्याय' हा शब्द नको, कोणत्या सालचे कोणते कागद हवेत तेवढंच लिहा.