अर्धवट पडलेली गोधडी पूर्ण कशी करायची

सगळ्यात आधी एक करा, कपाटातल्या अर्धवट गोष्टी बाहेर काढा आणि जी संपायच्या सगळ्यात जवळ आहे तीच हातात घ्या, आवडती नाही, जवळची. नवीन कापड तोवर कापायचं नाही (मला हे कधीच जमत नाही, ते सोडा).

बहुतेक गोधड्या अडकतात ते तीन थर जोडताना, कारण त्याला मोठी जागा आणि सलग वेळ लागतो. म्हणून हे काम मुलं झोपल्यावर एका बैठकीतच उरका. अस्तर चारही बाजूंनी ३-४ इंच जास्त ठेवा, जमिनीवर ताणून टेपने चिकटवा, वर भरण, त्यावर वरचा थर, आणि मधून कडेकडे कच्चे टाके घालत जा, नाहीतर मध्ये फुगा येतो आणि मग उसवत बसा. एकदा हे झालं की गोधडी घडी करून ठेवता येते आणि पुढचं सगळं पंधरा-वीस मिनिटांत तुकड्या तुकड्याने होतं.

सुयांमध्ये आधीच दोरा ओवून ठेवायचा, साधारण १८ इंच, जास्त लांब घेतला की गुंता. दोन-तीन बॉबिन (शिलाई मशीनमधली खालच्या दोऱ्याची छोटी रिळं) पण भरून ठेवा. उठताना पुढची स्टेप चिठ्ठीवर लिहून टाचणीने लावा, चार दिवसांनी काही आठवत नाही हो.

कडेच्या पट्टीसाठी चारही बाजूंची बेरीज अधिक १२ इंच, म्हणजे ४० बाय ६० ला २१२ इंच. अडीच इंच रुंद कापा, दुहेरी घडी इस्त्री करून गुंडाळून ठेवा.