गांडुळांचा तास घेण्यापूर्वी

प्राथमिकच्या वर्गात जिवंत गांडुळे न्यायची असे ठरवले की पहिला सल्ला मिळतो तो चित्रफीत दाखवून मोकळे होण्याचा. तो ऐकू नये. पडद्यावरचे गांडूळ बोटांना ओले लागत नाही, हातातून निसटत नाही आणि अपेक्षेविरुद्ध वागून कोणालाही बुचकळ्यात टाकत नाही. मात्र तयारीत कसूर झाली तर प्रत्यक्ष कृतीचा तासही फसतो, आणि मुले खुशीत असल्यामुळे तो फसल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

हाताळणीचे नियम थोडेच आहेत. गांडूळ त्वचेवाटे श्वसन करत असल्याने ती त्वचा सतत ओली राहावी लागते. म्हणून मुलांनी गांडूळ उचलण्यापूर्वी हात साबण न लावता नुसत्या पाण्याने ओले करावेत आणि तास संपल्यावर मात्र साबणाने स्वच्छ धुवावेत. तीन-चार मुलांमागे एक ताट, त्यात ओला टीपकागद, एक गांडूळ आणि एक भिंग एवढे पुरते. पहिली काही मिनिटे शिक्षकाने चक्क गप्प बसावे. पूर्ण वाढलेल्या गांडुळाच्या अंगावरचा जाडसर पट्टा तोंडाकडच्या टोकाला जवळ असतो, हे मुले आपणहून शोधतात. शेपटीकडून तोंडाकडे हलकेच बोट फिरवले की बारीक ताठ केसांचा खरखरीतपणा जाणवतो, आणि वर्ग शांत असेल तर कोऱ्या कागदावरून सरकताना त्याच केसांची खरखर ऐकूही येते. ज्याला किळस वाटते त्याच्यावर बळजबरी करू नये. त्याच्याकडे नोंदवही द्यावी. बहुधा तोच सर्वांत बारकाईने पाहतो.

आता ज्या खड्ड्यात मी पडले त्याविषयी. उजेड आणि अंधार यांपैकी गांडूळ काय निवडते, हा प्रयोग सगळेच करतात: ताटाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकायचा, मधोमध गांडूळ ठेवायचे आणि वाट पाहायची. गांडूळ अंधारात जाते, फळ्यावर ‘गांडुळाला उजेड आवडत नाही’ असे वाक्य लिहिले जाते आणि टाळ्या पडतात. माझ्या फळ्यावर ते वाक्य उमटलेले असताना एका मुलीने ताटाच्या दोन्ही भागांतला टीपकागद बोटाने चाचपला आणि उघडा भाग कोरडा झाल्याचे सांगितले. मग गांडूळ उजेडापासून पळाले की कोरडेपणापासून? दिवा जवळ असेल तर उष्णतेपासून? की अंगाला काहीतरी टेकलेले असावे म्हणून ते कागदाखाली शिरले? गांडुळाला डोळे नसले तरी त्याच्या त्वचेतील पेशींना प्रकाश कळतो, तेव्हा वाक्य खोटे नव्हते. पण त्या ताटातून ते सिद्ध झालेले नव्हते, आणि प्रयोग म्हणून शिकवायचे ते नेमके हेच असते. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही भागांवर सारख्याच उंचीचे छप्पर करावे, एकावर काळ्या आणि दुसऱ्यावर पारदर्शक कागदाचे. पाणी दोन्हीकडे सारखे शिंपडावे, दिवा दूर ठेवावा आणि पुढच्या खेपेस छपरांची अदलाबदल करावी. त्यानंतर ताट पूर्ण अंधारात ठेवून एक बाजू ओली व दुसरी कोरडी, असा वेगळा प्रयोग करावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मुलांकडून वदवून घेण्यापेक्षा ताटच तसे मांडावे. निष्कर्षही एका गांडुळावरून काढू नये. सर्व गटांच्या नोंदी फळ्यावर एकत्र याव्यात आणि विरुद्ध बाजूला गेलेले गांडूळ खोडले जाऊ नये. तयार कृतिपत्रिकांवर माझा राग आहे तो यासाठीच, कारण त्यांत उत्तराची रिकामी जागा एका शब्दाएवढीच असते.

‘गांडुळाला ऐकू येते का’ हा प्रश्न हमखास येतो. चार्ल्स डार्विनने शिट्टी, ‘बसून’ नावाचे फुंकून वाजवायचे वाद्य आणि पियानो वाजवून हेच तपासले होते. आवाजाला गांडुळांनी दाद दिली नाही, पण कुंड्या पियानोवरच ठेवून सूर वाजवल्यावर मात्र ती बिळात शिरली. हे निरीक्षण 1881 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात आहे. वर्गात आधी टाळी आणि मग बाकावर टिचकी, एवढ्यावर हा फरक तपासता येतो.

दुसरा प्रश्न धोक्याचा असतो: तुकडे केले की दोन गांडुळे होतात का? कोणी पट्टी हातात घेण्यापूर्वीच स्पष्ट उत्तर द्यावे. होत नाहीत, तोंडाकडचा तुकडा कधी कधी जगतो व शेपटी पुन्हा वाढवतो, शेपटीचा तुकडा बहुधा मरतो.

काचेच्या बरणीत माती आणि वाळूचे थर रचायचे असतील तर गांडूळखतातली लालसर गांडुळे घेऊ नयेत. ती पृष्ठभागाजवळच्या कुजत्या पाल्यात राहतात, खोल बिळे करत नाहीत, आणि कित्येक दिवस थर जसेच्या तसे राहिल्याने मुले हिरमुसतात. या कामाला मातीत बिळे करणारी गांडुळे लागतात. बरणीला बाहेरून काळा कागद गुंडाळावा आणि माती ओलसर असावी, चिखल नसावा, कारण पाणी साचले की मातीतली हवा जाते. निरीक्षण संपल्यावर गांडुळे जिथून आणली तिथेच, ऊन उतरल्यावर, ओलसर सावलीत सोडावीत. खतातली मात्र पुन्हा खतातच. हे कामही मुलांनीच करावे.