गावचं बंद घर उघडायला जाताना

आमच्या रत्नागिरीकडच्या घराला एकोणीस वर्षं कुलूप होतं. वडील दारू पिऊन आईला मारायचे, मधे पडलो तर आम्हा भावंडांनाही. आई गेली, मग वडील गेले, आणि गावाकडे फिरकायचं आम्ही सोडूनच दिलं. शेवटी मी ते दार उघडलं. तुमच्याही मागे असं घर असेल आणि जायचं मनात घेतलं असेल, तर मला कळलं ते सांगते.

एक काम ठरवून निघा. "एकदा बघून येऊ" एवढ्यावर जाऊ नका. आईची ट्रंक आणायची, थकलेली घरपट्टी भरायची, असं काहीतरी ठरवा. हातात काम असलं की उंबऱ्यावर अडखळलेला पाय पुढे पडतो. मला आईचा पाटा-वरवंटा आणायचा होता. "आता माफ करून टाक," असं सांगणारे भेटतील. त्यासाठी जायची सक्ती स्वतःवर करून घेऊ नका.

कागद आधी बघा. जमिनीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, पण गावठाणातलं घर त्यावर दिसत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा घ्या. तो घरपट्टीच्या आकारणीचा असतो, मालकीचा पक्का पुरावा नव्हे, पण घर कोणाच्या नावावर चाललंय ते कळतं. बायकांनी तर हे करायलाच हवं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. भावकीतलं कोणी "तुला आता काय करायचंय घर" म्हणालं, तर हे ठाऊक असलेलं बरं.

गणपतीत किंवा शिमग्यात पहिली खेप नको. सगळे चाकरमानी आलेले असतात आणि जो तो विचारतो. गणपतीत पाऊसही असतो, अंगणात कमरेएवढं गवत असतं. डिसेंबर-जानेवारीत जा. सकाळी पोचा, उजेड आहे तोवर बाहेर पडा, मुक्काम तालुक्याच्या गावी ठेवा. त्या घरात पहिल्या दिवशी झोपायचं नाही, याबाबत मी हट्टी आहे. सोबत असं माणूस घ्या, जे न बोलता ओटीवर बसून राहील. मी मैत्रिणीला नेलं होतं.

दार उघडताना. कुलूप गंजलेलं असणार. गोडेतेल आणि करवतीचं पान जवळ ठेवा. पायात बूट, हातात काठी, तोंडाला मास्क, कारण वटवाघळांची घाण आणि धूळ असते. दार उघडलं की लगेच आत शिरू नका, वारा खेळू द्या. आधी आढ्याकडे बघा. वासे वाळवीने पोखरलेले असतील तर वरची कौलं कधीही खाली येतील. काठी आपटत चला. चिऱ्याच्या फटीत, पडलेल्या कौलांखाली फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असतं, आणि ते मातीच्याच रंगाचं असल्याने दिसत नाही. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचंही नाही. चावलेला हात किंवा पाय न हलवता 108 ला फोन करून दवाखाना गाठायचा. जुन्या विहिरीत उतरू नका, तळाशी हवा कोंडलेली असते.

आत, सोप्या खोलीपासून सुरुवात करा. मी आधी पडवी झाडली, मग न्हाणीघर. माजघराला लागून असलेली भाताची खोली शेवटी ठेवली, कारण वडील चढून आले की आई आम्हाला तिथेच ढकलायची. छाती धडधडायला लागली तेव्हा सरळ अंगणात आले, पायातले बूट काढून मातीवर उभी राहिले, पाणी प्यायले. असं तीनदा झालं. चौथ्यांदा आत गेले.

त्या दाराला आतून दोन कड्या होत्या. एक नेहमीसारखी वर. दुसरी खाली, माझ्या आताच्या गुडघ्याच्या जरा वर. लहानपणी मी हीच कडी लावायचे, पण ती तिथे का आहे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

म्हणून शेजारी जा. कोरा चहा घ्या, बसा, मग विचारा. शेजारच्या काकी म्हणाल्या, "तुझ्या आईने सुताराला पायलीभर तांदूळ देऊन लावून घेतलीन. पोरीचा हात पुरायला हवा म्हणाली." आई काहीच करत नव्हती, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तुम्हाला कळेल ते बरं असेलच असं नाही. पण त्या घराबाहेरून जे दिसत होतं, ते आपल्याला आतून दिसलेलं नसतं.

निघताना नवं कुलूप लावा आणि एक किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवा. विकणार का, असं कोणीतरी विचारेलच. त्या दिवशी हो किंवा नाही, काहीच बोलू नका.

परत आल्यावर चार-सहा दिवस झोप उडते, जुनी स्वप्नं पडतात. आठवडे उलटले तरी तसंच राहिलं तर 14416 वर टेलीमानसला फोन करा. मनाच्या आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. मी केला होता.

दुसऱ्या खेपेला भावाला घेऊन गेले. खालच्या कडीला त्यानेच तेल घातलं.